जिन्यातल्या खुर्च्या

सकाळी आठ पन्नासला, नेहमीच्या बसमध्ये, दारापाशी बसलेली एक मुलगी जागेवरून उठली आणि म्हणाली, "आजी, बसा ना."

घडलं ते एवढंच. समोर उभ्या असलेल्या बाईने मागे वळून पाहिलं. मागे एक दाढीवाला गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. तो कुठल्याही अंगाने आजी दिसत नव्हता. त्याच्यामागे बसचा खांब होता. म्हणजे आजी आपणच, हे लक्षात यायला तिला अख्खा एक थांबा लागला. तोवर ती मुलगी सीट एका हाताने खाली दाबून, अर्धवट वाकून तशीच उभी होती आणि आजूबाजूच्या चारजणांच्या चेहऱ्यांवर 'बसा की आता' असा भाव होता. नको म्हणावं तर मुलीचा हिरमोड, बसावं तर आपला. "पुढच्याच थांब्यावर उतरायचंय" हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते खोटं होतं, आणि खोटं बोलून ताठ उभं राहण्यापेक्षा निमूट बसलेलं बरं, असा तिचा स्वभाव होता. ती बसली. मग जे झालं त्याची तिला मुळीच कल्पना नव्हती. अपमान, संताप, निदान थोडं वाईट तरी वाटायला हवं होतं. त्यातलं काहीही वाटायच्या आधी गुडघे सुखावले. आधी उजवा, मग डावा. कंबरेतून एक लांबलचक 'हुश्श' निघाला आणि तो तोंडावाटे बाहेर पडू नये म्हणून तिला खोकावं लागलं. खोकल्यामुळे ती आणखीच आजी दिसली असणार. मुलीने लगेच खिडकी लावून घेतली.

तिचं वय अठ्ठावन्न. शहर नियोजन कार्यालयातल्या 'ज्येष्ठ आणि पादचारी कक्षा'ची ती प्रमुख. या शहरातल्या पदपथांच्या कडा उतरत्या झाल्या, सिग्नलवर हिरवा माणूस जरा जास्त वेळ चालू लागला, पुलाखालच्या अंधारात दिवे आले, त्या सगळ्यामागे तिच्या सह्या होत्या. बैठकांमध्ये ती वर्षानुवर्षं सांगत आली होती की ज्येष्ठांना काय हवं असतं, ते कुठे अडतात, कशाला घाबरतात. ज्येष्ठ म्हणजे ते. दुसरे कुणीतरी. नकाशावर फिक्या निळ्या ठिपक्यांनी दाखवतात ते. या सीटची उंचीसुद्धा तिनेच ठरवलेली होती. बसवाल्यांशी त्यासाठी जवळजवळ हातघाईवर आली होती. आज ती स्वतःच्या मतावर बसली होती आणि मत बरं निघालं होतं. हे काही कमी नाही, असं तिने स्वतःला बजावलं. कार्यालयाच्या कपाटात एक म्हातारपणाचा पोशाख टांगलेला असे. हातापायांना बांधायची वजनं, गुडघे आखडवणारे पट्टे, धुरकट काचांचा चष्मा, कानात बोळे. नवा रस्ता आखला की कुणीतरी तो पोशाख चढवून त्या रस्त्यावरून चालायचं आणि कुठे कुठे अडखळलो ते लिहायचं, अशी तिच्या कक्षाची रीत. पहिल्यांदा तो तिनेच घातला होता. भर दुपारी मुख्य रस्ता चालून आल्यावर तिने सगळे पट्टे सोडले, चष्मा भिरकावला आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर गेली होती. आता आठवलं तर वाटतं, त्या पोशाखात सगळं होतं. फक्त वाटेत भेटणारं माणूस नव्हतं. कानात बोळे घालून धुरकट काचांतून चालणाऱ्या बाईशी बोलायला कोण थांबणार होतं? आणि ती तरी कशाला थांबली असती? तिला तर रस्ता तपासायचा होता.

बसल्यावर शहर वेगळंच दिसत होतं. उभ्याने दिसतात ते चेहरे आणि पाट्या. बसल्यावर हात दिसतात. पिशव्या बदलणारे हात, पोराच्या खांद्यावरचा हात, कुत्र्याच्या पट्ट्यात अडकलेला हात. एका दुकानाच्या पायरीवर दोन म्हातारे आणि एक शाळकरी मुलगी दाटीवाटीने बसून एकाच फोनमध्ये काहीतरी पाहत हसत होते. समोर तिच्याच कक्षाने बसवलेला सुंदर बाक रिकामा होता. बाकाचं तोंड कारंज्याकडे. पायरीचं तोंड रस्त्याकडे. नकाशावर बाक कारंज्याकडे वळवताना आपल्याला केवढा आनंद झाला होता, हे तिला आठवलं आणि हसू आलं. सासूबाई त्या बाकावर एकदाच बसल्या होत्या. पाच मिनिटांत उठल्या. "पाणी वर जातं, खाली येतं. पुढे?" असं म्हणाल्या होत्या.

सासूबाई. रविवारपासून मनाने तो विषय टाळायचा आणि तो पुन्हा दाराशी येऊन उभा राहायचा. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केलेल्या. कानाला यंत्र लावून आयुष्यभर एका अनोळखी माणसाला दुसऱ्याशी जोडून दिलं, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. ज्याच्यामुळे या दोघींची ओळख झाली तो आता नव्हता. ओळख मात्र टिकली, नुसती टिकली नाही तर चांगली मुरली. दोघी चौथ्या मजल्यावर राहत. इमारत जुनी पण भक्कम, भिंती जाड, उन्हाळ्यात आत गारवा. लिफ्टला जागा नाही. इमारतच पाडून नवी बांधा म्हणणारे येऊन गेले. पण चांगली उभी इमारत जमीनदोस्त करून तिच्या जागी काच आणि सिमेंट ओतायचं हे तिच्याच कार्यालयाच्या धोरणाविरुद्ध होतं, म्हणून घरातही ते बोलणं तिथेच मिटलं. सासूबाईंना जिन्याचं काहीच वाटत नसे, कारण त्यांच्या लेखी तो जिना नव्हताच, ते एक्स्चेंज होतं. पहिल्या मजल्यावर शिंपी आपल्या दाराबाहेर एक लोखंडी खुर्ची ठेवी. दुसऱ्यावर बेकरीवाला राहायचा, समुद्रापलीकडून आलेला, दाराएवढा माणूस. त्याने कुठल्याशा कार्यालयातून टाकून दिलेली फिरती खुर्ची आणून ठेवली होती. तिसऱ्यावर नर्सबाई आणि तिची तीन वर्षांची चिमणी. तिथे एक वेताची खुर्ची आणि शेजारी चिमणीची लाल, प्लास्टिकची. सासूबाई भाजी आणायला खाली उतरल्या की प्रत्येक खुर्चीवर टेकायच्या. टेकल्या की दार उघडायचं. खालची बातमी वर, वरची खाली. नर्सबाईचा युनिफॉर्म उसवला हे शिंप्याला त्या सांगणार, शिंपीणबाईंना चक्कर येते हे नर्सबाईला त्याच सांगणार. बेकरीवाला इथली भाषा त्यांच्याकडूनच शिकला, खुर्चीशेजारी उकिडवा बसून, त्यामुळे त्या धिप्पाड दाढीवाल्या माणसाच्या हातून पाव निसटला की तो दोन्ही हात गालाला लावून "अगं बाई!" म्हणायचा. अख्ख्या इमारतीत कुणीही त्याला ते सुधारून सांगितलं नव्हतं.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जिन्यात धूर कोंडला. कुणी दगावलं नाही, पण सगळ्या जुन्या इमारतींची तपासणी निघाली, आणि नियम पुढे आला: प्रत्येक मजल्यावर जिन्याची पूर्ण रुंदी मोकळी हवी. नियम बरोबर होता. धुरात खुर्चीला अडखळून माणूस पडतो, यात वादाला जागा नाही. नियमाचा मसुदाही तिनेच केला होता, आणि त्यात कारण लिहिलं होतं, 'विशेषतः ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठी'. इमारतीत नोटीस लागली त्या संध्याकाळी सासूबाईंनीच सगळ्यांना खुर्च्या आत घ्यायला लावल्या. "आमच्या साहेबीणबाईंचा नियम आहे," म्हणाल्या, "घरच्यांनीच मोडला तर शोभेल का?" त्याला पंधरा दिवस झाले. त्यानंतर त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. सकाळी चपला घालायच्या, दारात उभं राहायचं, खाली पाहायचं, चपला काढून ठेवायच्या. तक्रार नाही, टोमणा नाही. टोमणा नाही याचीच तिला धास्ती वाटत होती. आणि रविवारी, भाजी निवडताना, मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, "त्या वसाहतीतली खोली रिकामी आहे म्हणालीस ना? हो म्हणून टाक."

वसाहत म्हणजे शहराबाहेरची ज्येष्ठ वसाहत. तिचं पहिलं मोठं काम. त्याचं बक्षीस म्हणून मिळालेला काचेचा ठोकळा अजून तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असतो. तिथे एक पायरी नाही, सगळीकडे कठडे, न्हाणीघरात घंटा, दारं रुंद, झाडं सावलीची. आणि सत्तरीच्या आतला एकही माणूस नाही. तीन वर्षांमागे सासूबाई ती बघून आल्या होत्या तेव्हा बसमध्ये म्हणाल्या होत्या, "सगळं छान केलंयस गं. पण तिथे मी कुणाला काय सांगू? सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं." ज्या बाईने डॉक्टरांशी हुज्जत घातल्याशिवाय आजवर एक गोळी गिळली नाही, ती वाद न घालता हो म्हणते याचा अर्थ काय, हे समजायला कुठल्या कक्षाचं प्रमुख असावं लागत नाही. हो-नाही कळवण्यासाठी खोली आज संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवली होती. त्याच दुपारी अग्निशमनचे अधिकारी इमारत पुन्हा तपासायला येणार होते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी यायला कुणी कट केला नव्हता, तरी तिला तसं वाटत होतं.

पुढच्या थांब्यावर एक बाप बाळाची गाडी घेऊन चढला. दारापाशी तिच्या सीटशिवाय दुसरी जागा नव्हती, म्हणून ती उठली. सीट खटकन वर गेली आणि भिंतीला चिकटली. बाळाची गाडी त्या जागी अलगद सरकली. ती उभी राहून त्या बंद झालेल्या सीटकडे पाहत राहिली. जाडी चार बोटं. माणूस उठला की जागा आपोआप मोकळी. कुणी आठवणीने सरकवायला नको, कुणी विसरायचा प्रश्न नाही. ही सीट तिने कागदावर कितीदा पाहिली होती, उंची, रुंदी, स्प्रिंगची ताकद. पण तिच्या डोक्यात ती बसच्या कप्प्यात होती आणि जिना घराच्या कप्प्यात, आणि दोन कप्प्यांमधली भिंत पंधरा दिवसांत तिला दिसली नव्हती. ती मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली. दाढीवाल्या गृहस्थाने मोबाइलमधून डोकं वर काढलं. मुलगी घाबरून म्हणाली, "आजी, बरं वाटत नाहीये का?" "फार बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि कार्यालयाचा थांबा मागे जाऊ दिला. बस शेवटी डेपोत जात होती.

डेपोतला भांडारवाला भंगाराच्या शेडमध्ये वाफाळता कप घेऊन बसला होता. जुन्या बस मोडीत निघाल्या की सीट इथे येऊन पडत.

"दारापाशी असते ती स्प्रिंगची सीट. तीन हव्यात. स्प्रिंग चांगली पाहिजे, कापड फाटकं चालेल."

"बस काढताय का बाई?"

"जिन्यात लावायच्यात."

"जिन्यात? जिना कुठे जातो?"

"चौथ्या मजल्यापर्यंत."

"मग तिकीट कोण फाडणार?" असं म्हणून तो स्वतःच हसला आणि उठला. "कोणासाठी हव्यात?"

"आजींसाठी."

"किती आजी आहेत?"

तिने क्षणभर विचार केला. "सध्या दोन."

तिने रीतसर पावती केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रजेच्या कारणात 'घरगुती' असं लिहिलं, आणि मग शेडच्या दारात उभं राहून अग्निशमनच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. लपवाछपवी तिला जमत नसे. जमली असती तरी पचली नसती. काय लावणार आहे, कुठे लावणार आहे, बंद झाल्यावर किती जाडी राहते, सगळं सांगितलं.

"मॅडम, नियम तुमचाच आहे," पलीकडून आवाज आला.

"म्हणूनच सांगतेय. माझी इमारत म्हणून सूट नको. रुंदी भरली नाही तर काढायला लावा, मी स्वतः काढीन. भरली तर मग सगळ्याच इमारतींचा विचार करू."

"जुने जिने काठावरच असतात हो. चार बोटं म्हणजे पुष्कळ झाली." आणि जरा थांबून, "बघू. टेप आणतो."

दुपारी त्या जिन्यात जो गोंधळ माजला त्यात तिला आपण कार्यालयात नाही याचा आनंद झाला. डेपोतला फिटर ड्रिल घेऊन आला. शिंप्याने फाटक्या सीटवर कोटांचं उरलेलं जाड कापड चढवलं, पहिलीला करडं, दुसरीला निळं, तिसरीला चौकडीचं, आणि खिळे तोंडात धरून सगळ्यांना सूचना देत राहिला, ज्या कुणालाच कळल्या नाहीत. बेकरीवाला झोपेतून उठून आला होता. त्याच्या दिवसाची मध्यरात्र दुपारी दोनला असे. "मी पहिला बसतो," तो म्हणाला, "मी मोडलो नाही तर कोणीच मोडणार नाही." "सीट मोडली नाही तर," शिंपी म्हणाला. "तेच," बेकरीवाला म्हणाला आणि बसला. सीट करकरली. मग तो उठला आणि सीट खटकन भिंतीला गेली. "अगं बाई!" चिमणीने टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा, पुन्हा, म्हणून धोशा लावला. नर्सबाई दारात उभी राहून म्हणाली, "ही आता दिवसभर खटकन करणार. तुम्हाला सगळ्यांना माझ्या रात्रपाळीला पाठवते."

चौथ्या मजल्यावरचं दार मात्र लोटलेलंच होतं. ती वर गेली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, कपाटातल्या साड्यांच्या दोन ढिगांमध्ये. एक ढीग न्यायचा, एक द्यायचा. द्यायचा मोठा होता. तिला जिन्याचं सांगायचं होतं, पण तोंडून निघालं ते दुसरंच.

"आई, आज बसमध्ये एका मुलीने मला जागा दिली. आजी म्हणाली."

सासूबाईंनी साडी खाली ठेवली. "मग? बसलीस?"

"बसले."

"लगेच?"

"एक थांबा विचार केला."

सासूबाई आधी नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलू लागले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "नातवंडं नाहीत, काही नाही, फुकटात आजी झालीस की गं! मी तुझ्या वयाची होते तेव्हा एकाने मला 'मावशी' म्हणून उठून जागा दिली. मी शेवटपर्यंत उभी राहिले. चौदा थांबे. त्या रात्री पाय शेकायला माझ्या लेकाला उठवलं. तू शहाणी आहेस." मग आवाज खाली आणून, खालच्या दिशेला मानेने खूण करत, "आणि हे खटकन खटकन काय लावलंय?"

"तुम्हीच येऊन बघा."

"साड्या आवरायच्यात."

"बरं," ती म्हणाली आणि आग्रह न करता बाहेर पडली. आग्रह केला असता तर त्या आल्या नसत्या. एवढं तिला येत होतं. जिन्यात उभं राहून ती कान देऊन ऐकत राहिली. आपण इतकी वर्षं लोकांना कठडे दिले, उतार दिले, घंटा दिल्या. पडू नये म्हणून सगळं दिलं. एखाद्या माणसाने सकाळी चपला घालून बाहेर पडावंच का, हे मात्र आपण कुणालाच विचारलं नाही, कारण त्याचं माप घेता येत नाही. आतून कपाट बंद झाल्याचा आवाज आला. मग चपला. मग दार.

अधिकारी साडेचारला आले. पन्नाशीचे, टापटीप, घामाघूम. हातात टेप आणि खांद्याला पिशवी. पहिल्या मजल्यावर त्यांनी करडी सीट दोनदा उघडून बंद केली, भिंत ठोकून पाहिली, टेप लावला, वहीत आकडा टिपला आणि तो कुणाला सांगितला नाही. शिंप्याने मान लांब करून पाहिलं, पण त्याचा चष्मा घरात होता. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत अधिकाऱ्यांना धाप लागली होती. तिथे वरून एक-एक पायरी उतरत सासूबाई येत होत्या. तिसऱ्यावरची बैठक आटोपलेली दिसत होती, कारण चिमणीचा लाल रंगाचा रुमाल त्यांच्या हातात होता. त्या निळ्या सीटपाशी येऊन थांबल्या. अधिकाऱ्यांनी अदबीने बाजूला होत सीट हाताने खाली धरली. "बसा आजी."

"मी आत्ताच बसून आले. तुम्ही बसा. तोंड बघा केवढं लाल झालंय."

"नाही नाही, मला मोजायचंय."

"मोजाल हो. जिना कुठे पळून जातोय?"

ते बसले. बेकरीवाल्याने पाणी आणलं. ती दोन पायऱ्या वर कठड्याला टेकून उभी होती. बोलावंसं खूप वाटत होतं.

"घरी कोण कोण असतं?" सासूबाईंनी विचारलं. तोच आवाज, एक्स्चेंजमधला, पलीकडच्या माणसाला आपण एकटेच लाइनवर आहोत असं वाटायला लावणारा.

"बायको, दोन मुलं. आई होती, ती आता त्या ज्येष्ठ वसाहतीत असते. दीड वर्ष झालं."

"हो का? मीही तिकडेच जायचं म्हणतेय. कशी आहे?"

अधिकाऱ्यांनी एकदा वर, तिच्याकडे, पाहिलं. वसाहत कुणाची हे त्यांना ठाऊक होतं. "चांगली आहे. सगळं सपाट आहे."

"आणि?"

त्यांनी टेप उलगडला, पुन्हा गुंडाळला. "सपाटच आहे."

वरच्या मजल्यावर चिमणी खटकन करत होती. मग सासूबाई कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "आईंना काय आवडतं? करमायला?" आणि अधिकारी सांगू लागले. आधी अडखळत, मग भरभर. आई पूर्वी नाटकांचे पडदे शिवायची. मखमल हातात आली की नुसत्या बोटांनी तिचा कस सांगायची. खालून शिंप्याचा आवाज आला, "कुठल्या नाटक कंपनीत हो?" आणि पाठोपाठ तो स्वतः वर आला, धापा टाकत, उभ्याउभ्याच ऐकायला.

पावणेसहा वाजले. वसाहतीच्या कार्यालयाचा फोन तिच्या पर्समध्ये एकदा वाजून थांबला होता. सासूबाईंनी तो ऐकला, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा अधिकाऱ्यांकडे वळल्या. हो म्हटलेलं त्यांनी परत घेतलेलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. बेकरीवाल्याच्या दारातून भाजल्या पावाचा वास येत होता. पहिल्या मजल्याचा आकडा वहीत बंद होता. दुसऱ्या मजल्याची रुंदी सीट मिटल्याशिवाय मोजता येत नव्हती, आणि सीटवर अधिकारी बसलेले होते.